उतरत्या पाण्याचा काठ

ऑगस्ट लागला की बेळगावात दोन आकडे सगळ्यांच्या तोंडी असतात. दोन धरणांच्या पूर्ण भरल्याच्या पातळीचे: राकसकोप 2475 फूट आणि हिडकल 2175 फूट. सकाळी फिरायला निघालेले काका, भाजीवाल्या मावशी, शाळेच्या गेटबाहेर थांबलेले पालक, जो तो विचारतो, ‘किती फूट झालं?’ राकसकोप भरलं म्हणजे नळाची काळजी मिटली. हिडकल भरलं म्हणजे रविवारी गाडी काढायची.

हे दोन्ही आकडे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचे आहेत आणि त्यांच्यात बरोबर 300 फुटांचा फरक आहे. राकसकोप आमच्या उशाशी आहे, मार्कंडेय नदीवर. हिडकल पायथ्याशी, घटप्रभेवर. बेळगाव शहर साधारण अडीच हजार फुटांवर वसलेलं. म्हणजे हिडकलचा जो घोट आम्ही पितो तो खालून वर चढवून आणलेला असतो. तुम्मरगुद्दी, कुंदरगी असे टप्पे घेत ते पाणी बसवनकोळला पोचतं, तिथं शुद्ध होतं आणि मग आमच्या टाक्यांत पडतं. वाटेत कुठं वीज गेली की शहरातले नळ कोरडे. एवढं लांबचं पाणी रोज पिऊनही त्या पाण्याशी आमची ओळख मात्र फक्त भिंतीवरून पाहण्याइतकी आहे, याचं मला वाईट वाटतं.

आमची हिडकलची सहल ठरलेली असते. हायवेला लागायचं, काकती मागं टाकायची, वंटमुरीचा घाट उतरायचा, यमकनमर्डी, हत्तरगी, आणि मग धरणाचा फाटा. पन्नासेक किलोमीटर. दरवाजे सोडले असतील तर अंगावर तुषार येईपर्यंत उभं राहायचं, गरम मिरची भजी, मक्याचं कणीस, फोटो, परत. मुलं खूश, आपणही खूश. त्या पांढऱ्या लोटाचा आवाज छातीत घुमतो तेव्हा माणूस गप्प होतो, हे खरंच आहे आणि ते सुख मी कमी लेखत नाही. पण ते धरणाचं दर्शन झालं. जलाशय त्या भिंतीच्या मागं पश्चिमेकडं मैलोन्‌मैल पसरलेला असतो आणि तिकडं पाठ करून आपण दरवाजांकडं बघत उभे असतो.

जलाशय बघायचा असेल तर मे महिन्यात जावं. हे मी भेटेल त्याला सांगत असते आणि बहुतेक जण चमत्कारिक नजरेनं बघतात. उन्हाळ्यात तिथं काय आहे? पाणी तरी असतं का? पाणी असतंच, पण मागं सरलेलं असतं. आणि ते जिथून मागं सरलं ती जमीन बघायला जायचं.

त्याआधी हे पाणी येतं कुठून ते सांगायला हवं. घटप्रभा सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते आणि चंदगड तालुक्यातून खाली येते. तिच्या वरच्या अंगाला फाटकवाडीचं धरण आहे. ताम्रपर्णी तिकडूनच येते, चंदगड, कोवाड करत, आणि घटप्रभेला मिळते. हिडकल भरतं ते मुख्यतः या दोन नद्यांच्या जिवावर. आंबोलीची हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत येते ती धरणाच्या खाली मिळते. राकसकोपची मार्कंडेयसुद्धा कडोलीच्या शिवारातून वळत, गोडचिनमलकीला उड्या घेत गोकाकजवळच घटप्रभेत जाते. म्हणून हिडकलचे सगळे दरवाजे बंद असले तरी गोकाकला पूर येऊ शकतो. आणि दरवाजेही उघडे, हिरण्यकेशी-मार्कंडेयही भरलेल्या, असं एकदम झालं की काय होतं ते 2019 च्या ऑगस्टमध्ये सगळ्यांनी बघितलं. लोळसूरचा पूल पाण्याखाली आणि गोकाकच्या गल्ल्यांत पाणी.

पावसाचा हिशेब तर अचंबित करणारा आहे. आंबोलीच्या माथ्यावर वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या गोकाकला जेमतेम पाचशे-सहाशे. एका टोकाला जून ते सप्टेंबर चूल पेटवायला सुकं लाकूड मिळत नाही, दुसऱ्या टोकाला ज्वारीच्या पेरणीसाठी आभाळाकडं डोळे लावून बसायचं. या दोन टोकांच्या मधोमध हिडकलची भिंत उभी आहे. पश्चिमेचा पाऊस अडवून तो पूर्वेला पुरवून पुरवून द्यायचा, एवढंच तिचं काम.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातल्या माणसाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. 1956 पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्यांची फेररचना झाली तेव्हा तो कोल्हापूरकडं गेला आणि बेळगाव म्हैसूर राज्यात. म्हणजे ज्या डोंगरात हे पाणी पडतं आणि ज्या खोऱ्यात ते साठतं, ते एकेकाळी एकाच कलेक्टरच्या हाताखाली होतं. आज पाऊस एका राज्यात पडतो आणि धरण दुसऱ्या राज्यात भरतं. सोयरिकी मात्र अजून जुन्याच नकाशावर जुळतात. चंदगडची लेक इकडच्या दड्डीत, दड्डीची तिकडच्या कोवाडात. मोहनग्याच्या भावेश्वरीच्या यात्रेला दोन्हीकडची माणसं येतात, त्या गर्दीत कोण कुठल्या राज्याचं हे कुणी विचारत नाही.

धरण पुरं झालं 1977 साली. साठवण 51 टीएमसी, म्हणजे सुमारे 144 कोटी घनमीटर. नाव राजा लखमगौडा जलाशय. वंटमुरीचे हे देसाई. बेळगावातल्या शिक्षणसंस्थांना त्यांनी दिलेल्या देणग्यांमुळं आरएलएस कॉलेज आणि आरएल लॉ कॉलेज ही नावं आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी बसली आहेत. नाव उच्चारताना त्यातला ‘आरएल’ कोण, हे विद्यार्थ्यांना क्वचितच माहीत असतं. घटप्रभेचं पाणी शेताला वळवायचं काम धरणाच्या आधीपासूनच चालू होतं. खाली धुपदाळला ब्रिटिश काळातला बंधारा आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. डावा कालवा तिथून निघतो. हिडकल झाल्यावर त्या जुन्या कालव्याला भरवशाचं पाणी मिळालं आणि उजवा कालवा नव्यानं धावू लागला. मुधोळ, जमखंडीकडचा हिरवागार ऊस बघताना चंदगडचा पाऊस आठवायला हवा, एवढं ते नातं सरळ आहे.

आता काठाकडं येते.

आपल्या शहरातल्या तळ्यांना काठ असतो. किल्ला तलावाला भिंत आहे, फिरायची वाट आहे. ते तळं कालही तिथंच होतं, उद्याही तिथंच असेल. हिडकलचं तसं नाही. धरणाकडच्या बाजूला डोंगर उभे आहेत. तिथं पाणी दहा फूट उतरलं तरी काठ फार हलत नाही, फक्त खडकावर एक नवी फिकट रेघ उमटते. पण पश्चिमेला, दड्डीच्या अंगाला जमीन सपाट होत जाते. तिकडं पाणी पसरलेल्या पंजासारखं ओढ्याओढ्यांत, शेताशेतांत शिरलेलं असतं आणि एक फूट उतरलं तर काठ कितीतरी लांब सरकतो. हायवेवरून संकेश्वरकडं जाताना पुलावरून जे पाणी दिसतं ते ऑक्टोबरात समुद्र वाटावं एवढं असतं. मे महिन्यात त्याच पुलावरून खाली बघितलं तर जुन्या नदीचा नागमोडी पट्टा आणि दोन्हीकडं करडी, भेगाळलेली जमीन.

ती जमीन ओसाड नसते. माझी आत्या या बाजूच्या एका गावात दिली आहे. तिच्या सासरची चांगली जमीन धरणात गेली, राहिली ती वरची माळाची. पण डिसेंबरनंतर पाणी जसजसं मागं जातं तसतशी गाळाची जमीन उघडी पडते आणि मग गावातली माणसं तिच्यात पेरतात. गाळपेर. खत लागत नाही, नांगराची फारशी गरज नाही. सुरुवातीला उघड्या पडलेल्या वरच्या पट्ट्यात हरभरा, मग त्याच्या खाली मका, त्याच्या खाली काकडी, कलिंगड. डोंगरावरची चंदगडी माती वर्षभर वाहून आलेली असते, तिच्यातच हे पीक येतं.

आमचे मामा, म्हणजे आत्याचे यजमान, रोज संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक खुंटी मारतात. बोटाएवढी जाड, निरगुडीची. आदल्या दिवशीची खुंटी आणि आजची, दोन्हींच्या मधलं अंतर पावलांनी मोजायचं. मी त्यांच्याबरोबर त्या उतारावर उभी राहून बघितलं आहे. वरपासून खालपर्यंत खुंट्यांची रांग लागलेली. वरच्या खुंट्या जवळजवळ होत्या, कारण जानेवारीत पाणी हळू उतरलं होतं. खालच्या लांबलांब होत गेलेल्या, कारण मार्चमध्ये कालव्याला पाणी सुटलं होतं. एका ठिकाणी दोन खुंट्या अगदी चिकटून. मी विचारलं, ‘मामा, इथं काय झालं?’ म्हणाले, ‘कालवा बंद होता की तवा. पानी हललंच न्हाई.’ धरणाच्या कचेरीतल्या वहीत जी पातळी लिहिलेली असेल तीच तिथं मातीत रोवलेली होती आणि तिच्यावरून मामांनी कुठल्या पट्ट्यात काय टाकायचं ते ठरवलेलं होतं.

‘पानी गेलं की रान आमचं, आलं की सरकारचं,’ ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता त्यात. पण आत्या तिथंच बसून शेंगा निवडत होती, तिनं मान वर केली आणि पाण्याकडं हात करून सांगितलं की त्यांचा जुना वाडा ‘त्या तिथं’, विहीर ‘तिच्या अल्याड’. मला तिथं पाणीच दिसत होतं. तिला वाडा दिसत होता.

एरवी वर्षभर झाकलेलं बरंच काही या दिवसांत वर येतं. जुन्या बैलगाडीच्या वाटा, बांधांचे दगड, बाभळीचे काळे पडलेले बुंधे. सगळ्यांत प्रसिद्ध म्हणजे हुन्नूरचं विठ्ठल मंदिर. पावसाळ्यात ते पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्यात पातळी पुरेशी खाली गेली की पुन्हा दिसायला लागतं. 2023 चा मान्सून फार उशिरा आला. जून कोरडा जात होता, पाणी खूपच खाली गेलं होतं आणि मंदिरापर्यंत लोक चालत जात होते. शहरात एकीकडं पाण्याची ओरड आणि दुसरीकडं हुन्नूरला जत्रा भरल्यासारखी माणसं. मीही गेले होते. भिंतीच्या दगडांवर पाण्याच्या पातळीच्या आडव्या रेघा होत्या, एकाखाली एक. सांध्यांत बारीक शिंपले चिकटलेले. इतकी वर्षं बुडत आणि वर येत राहूनही दगड जागचे हललेले नव्हते. ज्यांनी घडवलं त्यांच्या हाताला दाद द्यावी तेवढी थोडी.

एक म्हातारी बाई आत येऊन उंबऱ्याला हात लावून बसून राहिली होती. तिच्यासोबतचा नातू घाई करत होता, तिला उठायचं नव्हतं. मराठी आणि कानडी दोन्ही भाषांत लोक विठ्ठलाचं नाव घेत होते आणि मला वाटतं हिडकलच्या पोटात दुसरा कुठला देव असता तरी एवढा शोभला नसता.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. या उघड्या पडलेल्या जमिनीवर कसंही फिरू नये. वरून भेगाळलेली, कडक दिसणारी कवची असते, पण पाण्याच्या कडेच्या पट्ट्यात तिच्याखाली मऊ, चिकट गाळ असतो. पाय रुतला की ओढून काढताना दुसरा रुततो. आणि पाण्यात तर उतरूच नये. कडेला गुडघाभर वाटणारं पाणी दोन पावलांवर जुन्या नदीच्या पात्रात किंवा बुडालेल्या विहिरीत कोसळतं. आपल्या तलावात पोहायला शिकलेल्या मुलांना याचा अंदाज नसतो. बॅकवॉटरमध्ये कोवळी मुलं बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचायला लागतात, आणि त्यातली बहुतेक मुलं बाहेरगावहून आलेली असतात. गावातली पोरं त्या जागा ओळखून असतात. म्हणून गावातलं कुणीतरी बरोबर घेतल्याशिवाय काठाला जाऊ नये, एवढं साधं आहे.

पाण्याजवळ करमणूक म्हटलं की आपल्याकडं लगेच बोटिंगची मागणी होते. बाग हवी, बोटी हव्यात, हॉटेल हवं. त्यात चूक काही नाही, मुलांना हौस असते. पण या पाण्यावर खरी मौज आहे ती चालण्याची आणि बघण्याची. हिवाळ्यात सकाळी उथळ बाजूला गेलात तर पक्षी बघून डोळे निवतात. चक्रवाकांच्या जोड्या, लाल पायांचे शेकाटे, पंख वाळवत बसलेले पाणकावळे, पाण्यावर झेपावणारे सुरय. खाली धुपदाळच्या पाणथळीला 1974 मध्ये घटप्रभा पक्षी अभयारण्य जाहीर झालं, तिथं थंडीत कांड्या करकोचे येतात. आपण गोकाकचा धबधबा बघून, करदंटाची मिठाई घेऊन परततो आणि तिथून जवळच असलेल्या धुपदाळला जायचं राहून जातं. पुढच्या वेळी नोव्हेंबर-डिसेंबरात जा, सकाळी लवकर, आणि दुर्बीण असेल तर घेऊन.

पहाटे मासेमारीही बघण्यासारखी असते. ट्यूबवर बसून माणसं जाळी ओढत आतून येतात, कटला, रोहू, चिलापी, एखादी मरळ. काठावरच तराजू लागतो. जो भाव ठरतो तो ऐकत उभं राहिलं तरी अर्धा तास सहज जातो. घासाघीस कानडीत सुरू होते, मराठीत तुटते आणि पैसे मोजताना पुन्हा कानडी.

माझं एक मागणं आहे आणि ते मी इथं लिहून ठेवते. धरणाच्या बाजूला क्षमता, उंची, लांबी सांगणारे फलक असतात. तसाच एक फलक वरच्या अंगाला, जिथून पाणी पसरलेलं दिसतं तिथं लावावा. त्यावर बुडालेल्या गावांची नावं असावीत, कानडीत आणि मराठीत, आणि प्रत्येक गाव कुठल्या दिशेला होतं त्याची बाणाची खूण. जलाशयाचा एक साधा नकाशा, त्यात जुनं नदीपात्र ठळक काढलेलं, म्हणजे खोल कुठं आहे तेही कळेल. खर्च काही मोठा नाही. ज्यांनी ती गावं चालती-बोलती बघितली ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. आत्याला विचारलं तर ती एका बैठकीत निम्मी नावं सांगते आणि उरलेली शेजारच्या म्हाताऱ्याला विचारून आणते. हे काम या दोन-चार वर्षांत झालं तर होईल, नंतर कागदपत्रांत शोधत बसावं लागेल. आपल्या भागात मराठी शाळा आहेत, वाचनालयं आहेत, तरुण मंडळं आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन काठाकाठानं फिरावं, म्हाताऱ्या माणसांजवळ बसावं, नावं लिहून घ्यावीत. यापेक्षा चांगली सहल मला तरी सुचत नाही.

या मे महिन्यात जाणार असाल तर सकाळी सातच्या आत काठावर पोचा, दहानंतर ऊन सोसत नाही. सावली कुठंही नाही, टोपी आणि भरपूर पाणी लागतंच. चपला नकोत, बूट घाला, भेगांत बाभळीचे काटे असतात. गाळपेराच्या मधून जायची वेळ आली तर वाफ्यात पाय न टाकता पाऊलवाटेनंच जा आणि खुंट्या दिसल्या तर त्यांना धक्का लावू नका. काकडी-कलिंगड तिथल्या तिथं विकत मिळतं. मालकाला हाक मारा, भाव विचारा आणि पैसे देऊन घ्या.